ब्लूटूथचा फासा

भांडण सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून घेऊ. पक्ष्याचा आवाज काढून पक्ष्याला जवळ बोलावणं ही शिकारीची क्रिया आहे. पुढे फासा असो, बंदूक असो की सहाशे एमएमची लेन्स असो, पक्षी ज्या कारणानं फसतो ते कारण तेच राहतं. त्याला वाटतं आपल्या हद्दीत कुणी घुसलंय, किंवा मादी आलीये, किंवा पिल्लू हरवलंय. तो खोट्यावर विश्वास ठेवून येतो.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एखाद्या फासेपारधी माणसानं ओठांनी तितर बोलावला तर तो संशयित, आणि पिशवीत फासा सापडला तर आरोपी. अमरावतीहून रविवारी सकाळी गाडी काढून आलेल्या पोरानं तोच तितर ब्लूटूथ स्पीकरवर बोलावला, बाभळीच्या बुडाशी उभा करून चाळीस फोटो काढले आणि संध्याकाळी इन्स्टाग्रामवर टाकले, तर तो निसर्गप्रेमी. हा लेख त्या दुसऱ्या माणसाशी भांडण्यासाठी आहे. तो माणूस तुम्ही असण्याची शक्यता बरीच आहे, कारण ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय त्यात तितराचा आवाज दोन बोटांच्या अंतरावर आहे.

आवाजानं जनावर बोलावण्याचा धंदा जगात सगळ्यात उघडपणे चालतो तो अमेरिकेत. तिथे कोयोट नावाचा कोल्ह्याच्या जातकुळीतला प्राणी आहे. त्याला मारण्यावर बहुतेक राज्यांत फारशी बंधनं नाहीत. त्याला बोलावायला तोंडानं फुंकायच्या शिट्ट्या मिळतात, टाळूला चिकटवायचे पातळ पडदे मिळतात आणि रिमोटवर चालणारे स्पीकर मिळतात, ज्यांत शेकडो आवाज भरलेले असतात. जखमी सशाची किंकाळी, पिल्लाचं केकाटणं, परक्या नराची आरोळी. कुठल्या महिन्यात कुठला आवाज निवडायचा यावर तिथे माणसं तासन्‌तास बोलतात. थंडीत भुकेवर खेळायचं, विणीच्या काळात हद्दीवर, पिल्लं झाली की मायेवर. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यांचं एक मला आवडतं. ते त्याला शिकार म्हणतात. शिकार म्हटली की नियमही येतात. बदकं, हंस यांच्यासारख्या स्थलांतरित पक्ष्यांना रेकॉर्ड केलेल्या किंवा विजेवर मोठा केलेल्या आवाजानं बोलावून मारायला तिथल्या केंद्रीय नियमांत मनाई आहे, एखाददुसरा अपवाद सोडला तर. तोंडानं फुंकलेली शिट्टी चालते. म्हणजे ज्या देशात पक्षी मारायचा रीतसर परवाना मिळतो, त्या देशालाही वाटलं की यंत्राचा आवाज हा जरा जास्तच होतोय. कोयोटच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी यंत्र चालतं. जास्तीत जास्त कोयोट मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धाही होतात. कॅलिफोर्नियानं अशा बक्षिसांवर २०१४ मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे कोल्हा आहे, कोल्हेकुई आहे, आणि कोल्ह्याच्या नावावर 'कोल्ह्याचं शिंग' विकणारे भामटेही आहेत. कोल्ह्याला शिंग नसतं. तरी ते विकलं जातं आणि त्यापायी कोल्हा मरतो. पण आवाजाची विद्या ज्यांच्याकडे होती ते आपल्याकडचे लोक कोल्ह्यावर फारसे थांबले नाहीत. त्यांचा जीव तितरात, लाव्यात आणि सशात होता.

पारधी हा शब्द आपण ज्या सैलपणे वापरतो त्यात किती धंदे दडलेत ते बघण्यासारखं आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली आला. त्यात पारध्यांचे पोटभेद त्यांच्या हत्यारांवरून आणि कामावरून येतात. फास लावणारे ते फासेपारधी. चित्ता शिकवून काळविटावर सोडणारे ते चितापारधी. जात्याला टाके घालून देणारे ते टाकणकार. माणसांची ओळख त्यांच्या कौशल्यावरून ठेवली जायची. ती पोलिसांच्या नोंदीवरून ठेवायची पद्धत नंतर आली, आणि तीच टिकली.

फासेपाऱ्ध्याचं तितर धरणं म्हणजे काय, तर आधी ऐकणं. करडा तितर हा जोडीनं राहणारा, हद्द सांभाळणारा पक्षी. नराच्या पायाला आर असते ती शोभेसाठी नसते. सकाळी एका बाभुळबनातून एक ओरडला की नाल्याच्या पलीकडून दुसरा उत्तर देतो. ही उत्तरं ऐकून कुठे कुणाची हद्द आहे त्याचा नकाशा पारधी डोक्यात मांडतो. मग हद्दीच्या कडेला, तितराच्या पायवाटेवर फाशांची रांग लावायची. पिंजऱ्यात पाळलेला तितर सोबत असला तर तो बोलतो, नसला तर माणूस बोलतो. कुठला आवाज काढायचा हा सगळा खेळ. आव्हान दिलं तर दांडगा नर येतो, पण जोडी नुकतीच बसली असेल तर तोच नर मादीला घेऊन दुसरीकडे सरकतो. लाव्यांचा थवा उडून पांगला की गप्प बसायचं. थोड्या वेळानं त्यांची एकमेकांना गोळा करण्याची शीळ सुरू होते, तीत आपली मिसळायची. काही पारधी शिकवलेली गाय पुढे घालून तिच्या आडोशानं चालतात. गायीला पाखरं भीत नाहीत.

यात शहाणपण कुठे आहे ते लक्षात घ्या. शहाणपण आवाज काढण्यात जेवढं आहे त्याहून जास्त न काढण्यात आहे. एका बेड्यावरच्या म्हाताऱ्याला मी फोनवरचा तितर ऐकवला होता. त्यानं मान डोलावली. म्हणाला, "आवाज त बराबर हाये बावा. पन चूप कवा राहाचं थे त्याले समजत नाही." त्याचं पुढचं बोलणं महागाईवर गेलं. मी मात्र तिथेच अडकलो, कारण पक्षीनिरीक्षणाच्या शिष्टाचारावर जेवढं म्हणून मी वाचलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात बसत होतं.

स्पीकर चूप राहत नाही. त्याला घसा नाही, दम लागत नाही, डास चावत नाहीत. तोंडानं बोलावणारा माणूस दहा मिनिटांत थकतो, स्पीकरची बॅटरी आठ तास चालते. आणि तोंडानं बोलावायला आधी पाच-सात वर्षं रानात काढावी लागतात, त्या वर्षांत माणूस आवाजाबरोबर बाकीचंही शिकतो: विणीचा महिना, अंडी घातलेल्या मादीचं वागणं, कोरड्या वर्षी कुठे जायचं नाही ते. अ‍ॅप ही वर्षं वगळून थेट आवाज हातात देतं.

नवरंगाचंच घ्या. मे सरता सरता किंवा जूनमध्ये तो विदर्भातल्या पानझडी रानात विणीसाठी येतो. दोन सुरांची शीळ, हिरवा-निळा-तांबडा अंग, आणि स्वभावानं जमिनीवर पाचोळ्यात वावरणारा. फोटोसाठी तो सोन्याचा तुकडा. पोहरा-मालखेडच्या रानात पहिला पाऊस पडला की त्याच्या शिळा ऐकू येतात, आणि लगोलग त्याच शिळा स्पीकरमधूनही. नवरंग उघड्या फांदीवर येऊन छाती फुगवून उत्तर देतो. तुम्हाला 'परफॉर्मन्स' मिळतो. त्याला काय मिळतं? हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास करून आल्यावर ज्या वेळात किडे शोधायचे, घरटं बांधायचं, त्या वेळात तो एका डबीशी भांडत बसतो. एक गट गेला की दुसरा येतो, कारण पहिल्या गटानं लोकेशन टाकलेलं असतं.

इथे तुमचं पहिलं उत्तर मला माहीत आहे: आम्ही मारत नाही. खरंय. मेलेला तितर आणि चिडलेला तितर यांत फरक आहे आणि तो मी पुसत नाही. विज्ञानही तुमच्या विरोधात एकसुरात बोलत नाही. इक्वेडोरमध्ये पक्षी बघायला येणारे लोक वाजवतात तसे आवाज रोज वाजवून दोन जातींवर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. एका जातीचे पक्षी सुरुवातीला जास्त गात राहिले आणि काही दिवसांनी त्यांनी त्या आवाजाकडे लक्ष देणंच सोडलं. सरसकट हानी सिद्ध झाली नाही. पण हे नीट वाचलं तर त्यातही एक गोष्ट आहे. पक्षी खोटं ओळखायला शिकला, म्हणजे आपल्या हद्दीतली हाक ऐकून तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकला. उद्या खरा प्रतिस्पर्धी आला तर?

असल्या आवाजाला जनावर कसं सरावतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. रोही आणि रानडुकरं तुरीत शिरू नयेत म्हणून तो रात्रभर भोंगा लावतो, त्यावर कुत्र्याचं भुंकणं, माणसाची आरोळी, वाघाची डरकाळी. पहिले चार दिवस रोही पळतात. मग धुऱ्यावर उभे राहून डरकाळी ऐकत हरभरा खातात. (या भोंग्यांनी शेजारच्या शेतातल्या जागल्याची झोप उडते तेवढी रोह्यांची उडत नाही, हा वेगळा विषय.)

तुमचं दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. पारध्यांना इतकं डोक्यावर घेऊ नका, वाघ कोण मारतं? मेळघाटात २०१३ च्या आसपास वाघांच्या शिकारीची जी प्रकरणं उघडकीला आली त्यांत मध्य प्रदेशातल्या बहेलिया टोळ्या होत्या. लोखंडी सापळे, आगाऊ पैसे, परदेशी बाजार. जंगल खात्याच्या ज्या माणसांनी ते धागे जोडले त्यांचं काम मोठं आहे आणि ती शिकार माफ करण्याजोगी नाही. पण त्या धंद्यात तितर बोलावणारी शीळ कुठेच नसते. तिथे व्यापारी असतो, दलाल असतो, आणि सगळ्यात खाली ज्याच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही असा एक माणूस असतो. त्या माणसाच्या आडनावावरून नांदगाव खंडेश्वरच्या बेड्यावरल्या पोराची झडती घेणं ही तपासाची पद्धत झाली तर तिला १८७१ चा वास येतो.

ते साल मुद्दाम सांगतोय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो टप्प्याटप्प्यानं निरनिराळ्या प्रांतांत आणि जमातींवर पसरला, पारधीही त्यात आले. हजेरी, पास, जन्मानंच गुन्हेगार. त्याच १८७१ साली कॅप्टन फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक निघालं, सातपुड्यातल्या शिकारीच्या वर्णनांनी भरलेलं, आजही वाचलं जाणारं. साहेबानं वाघ मारला तर ग्रंथ झाला, पारध्यानं ससा धरला तर दाखला झाला. हा कायदा स्वतंत्र देशात ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. त्याची सवय संपली असं म्हणणारा माणूस कधी बेड्यावर पहाटे आलेली गाडी बघायला थांबलेला नसतो.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. पण सुरुवातीला त्यात परवान्याची शिकार होती. ज्याच्याकडे बंदूक, ओळख आणि फी होती त्याला काही प्राणी-पक्षी मारता येत होते. ते परवाने १९९१ च्या दुरुस्तीनंतर बंद झाले. फाशाच्या माणसाला मधल्या काळात परवाना कोण देणार होतं? आणि ज्या दिवशी सगळ्यांचीच शिकार बंद झाली त्या दिवशी बंदूकवाल्याचा छंद गेला, फासेवाल्याचं जेवण गेलं. बदल्यात काय दिलं, तर काही नाही. जमीन नाही, आणि विद्येला पर्यायी काम नाही.

याच कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा स्वतः वाचा, फोनवर मिळते. मारणं, विष घालणं याबरोबर त्यात पकडणं आहे, फासा लावणं आहे, हाकणं आहे, आमिष दाखवणं आहे, आणि यांतला प्रत्येक प्रयत्न आहे. आमिष म्हणजे फक्त ज्वारीचे दाणे असं समजायचं कारण मला दिसत नाही. भुकेल्याला दाणा हे आमिष, तर विणीच्या नराला प्रतिस्पर्ध्याचा आवाज हे त्याहून मोठं आमिष. कोर्टात हा युक्तिवाद टिकेल की नाही ते वकील बघतील. मी तुमच्या मनातल्या कोर्टाबद्दल बोलतोय, जिथे तुम्ही स्वतःला निर्दोष सोडून पारध्याला कधीच शिक्षा ठोठावली आहे.

आवाजांचे साठे ठेवणाऱ्यांनाही ही भीती कळलेली आहे. झेनो-कॅन्टो ही २००५ पासून चालणारी पक्ष्यांच्या आवाजांची जगभरातली खुली वखार. तिथेही काही संकटग्रस्त जातींचे आवाज मुद्दाम बंद ठेवलेले असतात, कारण ते आवाज सापळ्यासाठी आणि छळासाठी वापरले जातील हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे आवाज हे हत्यार आहे यावर हत्यारांची वखार चालवणारेही सहमत आहेत. फक्त ते हत्यार वापरणारे आपण नाही आहोत असं आपल्याला वाटतं.

आता माझं म्हणणं काय, ते.

आवाज वाजवण्यावर सरसकट बंदी मला नको. तशी बंदी घातली तर संशोधनच थांबेल. रानपिंगळ्याची गोष्ट माहीत असेल: शंभरेक वर्षं कुणाला दिसला नाही, मेलेल्या नमुन्यांवरून त्याच्याबद्दल खोट्या नोंदीही झाल्या, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. नंतर मेळघाटातही मिळाला. त्याच्या गणनेत त्याचा आवाज वाजवून उत्तर घेणं ही उपयोगी पद्धत ठरली आहे. पण तिथे किती वेळ वाजवायचं, किती अंतरावर, किती वेळा, हे ठरलेलं असतं, आणि उत्तर मिळालं की थांबायचं असतं. चूप कवा राहाचं, ते. छंदाच्या फोटोसाठी विणीच्या महिन्यांत वाजवणं मात्र बंद व्हायला हवं, आणि त्याची सुरुवात जंगल खात्यानं नव्हे, तुमच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिननं करावी. जून ते सप्टेंबर स्पीकर घरी. स्पीकरवर मिळवलेला फोटो ग्रुपवर टाकला तर तो काढून टाकायचा. एवढं जमत नसेल तर 'संवर्धन' हा शब्द ग्रुपच्या नावातून काढा.

आणि दुसरं, जे मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्यांना ही विद्या येते त्यांना पगारावर घ्या. ही कविकल्पना नाही. अकोला-वाशीम भागात तणमोर वाचवण्यासाठी कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेनं, कौस्तुभ पांढरीपांडे यांच्यासारख्या माणसांनी, फासेपारध्यांनाच सोबत घेऊन काम केलं. तणमोर म्हणजे पावसाळ्यात गवतातून उभ्या उड्या मारणारा, माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी. देशभरात तो आता हजारापेक्षाही कमी उरला असावा असा अंदाज आहे. उडी मारली तरच दिसतो, मादी तर उडीही मारत नाही. दुर्बीण घेऊन आठ दिवस फिरलेल्या माणसाला जो दिसत नाही, तो कुठल्या गवतात बसतो हे पारध्याला माहीत असतं, कारण त्याच्या आज्यानं तो धरलेला असतो. धरणारा हात आणि राखणारा हात एकच असू शकतो हे तिथे दिसलं. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जे शब्द आणि ज्या नोंदी गोळा केल्या त्यांत रानातल्या निरक्षर माणसांचा वाटा किती होता हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, आणि आपण सगळ्यांनी स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांच्या नातवंडांचं काय चाललंय?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा म्हणून गाव आहे. तिथे मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी पोरं गोळा करून आणली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेचं ग्रंथालय आणि इतर बांधकाम पाडलं गेलं. सातशे एक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर वन्यप्राण्यांना ओलांडता यावं म्हणून पूल बांधले आहेत, आणि ते बांधले हे चांगलंच झालं. आता तुम्ही नागपूरहून त्याच रस्त्यानं दोन तासांत इकडे येता, डिक्कीत ट्रायपॉड आणि स्पीकर असतो, आणि जिथे उतरता तिथून काही कोसांवर अशी पोरं आहेत ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपूर्वी लाव्याच्या प्रत्येक शिळेला वेगळं नाव होतं. तुम्ही त्यांना गाइड म्हणून विचारत नाही. विचारलंच तर 'अरे, तितर कुठे भेटतील रे?' असं, आणि हातावर शंभराची नोट.

काय करता येईल ते अवघड नाही. मालखेडच्या तलावावर, पोहऱ्यात, माळरानांवर दरवर्षी हौशी गणना होतात. त्यांत प्रत्येक गटात एक फासेपारधी ऐकणारा ठेवा, रोजंदारीवर. दिवसाला निदान तेवढे पैसे जेवढे तुम्ही जिप्सीला देता. यादीत आणि अहवालात त्याचं नाव घाला, 'स्थानिकांच्या मदतीनं' असं नव्हे, नाव आणि गाव. जंगल खात्यानं हंगामी मजूर घेताना ओळखता येणाऱ्या आवाजांची परीक्षा घ्यावी. पंचवीस आवाज वाजवायचे, जो वीस ओळखेल त्याला घ्यायचं. दहावी पास आहे का, हे नंतर. त्या परीक्षेला आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी, माझ्यासकट, एकदा बसून बघावं. अ‍ॅप बंद ठेवून.

बेड्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं फोन परत देताना विचारलं होतं की यात लाव्याची गोळा व्हायची शीळ आहे का. मी शोधली. तीन आवाज मिळाले. त्यानं तिन्ही ऐकले आणि सांगितलं की यांतला दुसरा गोळा व्हायचा नाही, भीतीचा आहे, मांजर दिसलेलं असावं. ज्यानं तो आवाज चढवला होता त्यानं खाली फक्त 'हाक' असं लिहिलं होतं.